वहीत न लिहिलेल्या पेन्सिली

तारीख २१ जून १९७६. आकडा सहा पूर्णांक आठ. हजर माणसं पाच: कर्जतच्या एका लहानशा प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई, तिथेच रक्त तपासणारे एक गृहस्थ, माझी पत्नी, माझी आई आणि मी.

आकडा रुपयांचा नव्हता, पत्नीच्या रक्ताचा होता. तिला पाचवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, आणि एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहून आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली, बारीक काचनळीने रक्त ओढून घेतलं, औषध घातलेल्या दुसऱ्या नळीत सोडलं आणि दहा मिनिटं थांबले. नंतर पाण्याचा एकेक थेंब टाकत, ढवळत, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळतो का ते खिडकीकडे धरून पाहू लागले. रंग जुळला तेव्हा नळीतलं पाणी कुठल्या रेघेपर्यंत चढलं ते वाचलं.

"सहा पॉइंट आठ."

डॉक्टरीणबाईंनी तो आकडा दोनदा वाचला. म्हणाल्या, "बारा असायला हवं. गरोदरपणात अकरा असलं तरी मी काही म्हणत नाही. हे जवळजवळ निम्मं आहे."

बाराचे निम्मे सहा, म्हणजे निम्म्याहून आठ दशांश जास्त, एवढा हिशेब माझ्या मनात होऊन गेला.

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

आई पायाकडे बघत राहिली. मीच सांगितलं. पहिली मुलगी सात वर्षांची, सुखरूप. दुसरं बाळंतपण चार वर्षांपूर्वी, गावात, घरी. मूल गेलेलंच जन्मलं आणि नंतर हिचं रक्त थांबेना. सुईण म्हणत होती थांबेल, आई म्हणत होती थांबेल, आणि मी टेंपो शोधायला चौक गावच्या नाक्यापर्यंत धावत गेलो होतो. टेंपो घेऊन आलो तेव्हा रक्त थांबलेलं होतं. ही जिवंत होती, पण तिच्या ओठांचा रंग मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम सरळ बोलल्या. "सप्टेंबर संपायच्या आत आकडा नऊच्या वर गेला, तर बाळंतपण मी इथे करीन. नऊ असलं म्हणजे थोडं रक्त गेलं तरी बाई तग धरते. साडेसहावर नाही धरत. नऊ नाही झालं, तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नाव घाला, महिनाभर आधी जाऊन राहा, आणि दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा. कळा सुरू झाल्यावर माझ्या दारात आलात तर मला काही करता येणार नाही. इथे रक्त मिळत नाही."

मुंबईत आमचं कोणी नव्हतं. महिनाभर कुठे राहायचं, हा प्रश्न मी तिथेच मनात मांडला. शिवाय हिची पहिली खेप तीन तासांत उरकली होती. आमचं घर लोधिवलीच्या बाजूला, रस्त्यापासून आत. महिनाभर आधी जायला जमलं नाही, तर तीन तासांत मुंबई गाठणं होण्यासारखं नव्हतं.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या. काय खायचं ते तोंडी सांगितलं: हिरवा पाला रोज, नाचणी, कडधान्य, गूळ, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं, सुकट चालेल, कलेजी मिळाली तर उत्तम, वर लिंबू पिळायचं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "येवढं खाल्लं तर पोर भोपल्यायेवढं व्हईल. मग अडलं म्हंजी?"

"आये, मागचं लहानच होतं," मी म्हणालो. "तरी अडलं."

ती पदर सावरून स्टँडकडे चालू लागली.

मी त्या वेळी कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर लिहिणारा होतो. माल भरलेली लॉरी काट्यावर यायची, तिचं वजन लिहायचं. रिकामी होऊन परत आली की पुन्हा वजन. भरल्यातून रिकामं वजा केलं की राहिला तो माल. दिवसाला तीस-चाळीस गाड्या. बारा वर्षांत माझ्या काट्यावर एकदाही तक्रार झाली नाही, हे मी गर्वाने नाही, खरं म्हणून लिहितो.

तेव्हा घरी मी जे केलं ते मला सरळच वाटलं. एक दोनशे पानी वही आणली. पान उभं आखलं: तारीख, सकाळ, दुपार, रात्र, गोळ्या, शेरा. शेजाऱ्यांची तागडी मागून आणली. भाजी वजन करून वाढायची, भाकरी मोजायची, आणि लगेच लिहायचं. मी कामावर असेन तेव्हा आईने सांगायचं, मी आल्यावर लिहीन. त्या दिवसांत टाकळा रानभर उगवलेला असतो, शेवगा परसात होता, अळू तर न लावता येतं. पैशाचा प्रश्न फारसा नव्हता. प्रश्न पोटात घालायचा होता.

पहिल्या दिवशी मी तागडीत टाकळ्याची भाजी टाकली तेव्हा पत्नी म्हणाली, "म्हशीला घालताना तरी अशी मोजत नायत."

"म्हशीला डॉक्टरने आकडा दिलेला नाही," मी म्हणालो.

ती हसली. मला वाटलं, मान्य झालं.

आईला वही आवडली नाही. तिचं म्हणणं, अन्नाला मापात धरू नये. मी ऐकत नसे. ५६ साली धम्म घेतला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि घरातला देव्हारा, अंगारे, नवस, उतारे, सगळं वडिलांच्या बरोबरीने मीच बाहेर काढलं होतं. तेव्हापासून घरात कोणी काही जुनं म्हणालं की मी एकच विचारायचो: कशावरून? हा प्रश्न चांगलाच आहे. पण मी तो फार वेळा आणि फार मोठ्याने विचारत असे, हे आता कळतं.

वहीचा पहिला महिना चांगला भरला. अठ्ठावीस दिवसांत गोळ्या चुकल्या दोन. पाला चोवीस दिवस. अंडी सोळा. कलेजी दोनदा. रोज कामावरून आलो की मी तिच्या ओठांकडे पाही. रंग मोजता येत नाही, म्हणून तो वहीत नव्हता. तरी मला वाटत होतं की फरक आहे.

तारीख १९ जुलै. तीच खोली, तीच खिडकी. मी तपासणाऱ्यांच्या खांद्यामागे उभा राहिलो. थेंब, ढवळणं, खिडकी. थेंब, ढवळणं, खिडकी. थेंब जितके जास्त लागतील तितका आकडा वर, एवढं मला मागच्या वेळी समजलं होतं. म्हणून मी प्रत्येक थेंबाला मनात 'अजून एक' म्हणत होतो. ते थांबले.

"सहा पॉइंट सहा."

"खाली आला?"

"जे दिसलं ते सांगतो."

"हे डोळ्याने ठरवायचं. चूक होऊ शकते."

त्यांनी चष्मा काढला. "होते. दोन-तीन दशांशाची होते. सहाचे नऊ होत नाहीत."

काट्यावर संशय आला की आम्ही ओळखीचं वजन ठेवून पाहतो. मी माझं बोट पुढे केलं. "माझं तपासा. मला काही आजार नाही."

"दोन रुपये पडतील."

"पडू द्या."

माझा आकडा तेरा पूर्णांक आठ निघाला. काटा बरोबर होता. बाकावर बसलेली पत्नी बोटाला कापूस लावून आमच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आता तुमची नोंद बी लिवा वहीत."

डॉक्टरीणबाईंपुढे मी वही ठेवली. त्यांनी ती वरवर चाळली नाही, पान पान पाहिली. मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, हे सगळं पोटात गेलं असतं आणि लागलं असतं, तर आकडा खाली आला नसता. वही खोटी आहे असं मी म्हणत नाही. काही तरी वहीच्या बाहेर आहे."

"काय?"

"ते मला कर्जतला बसून कसं कळणार? पुढच्या महिन्यातही असंच असेल, तर सप्टेंबरची वाट बघू नका. मुंबईचं ठरवा."

चौकला जाणाऱ्या एस.टी.त तिने खिडकीच्या दांडीवर डोकं टेकलं होतं. मी गणित करत होतो. महिन्याला दोन दशांश खाली, तर ऑक्टोबर अखेर सहाच्याही खाली. ते गणित मी पुढे नेलं नाही.

घरी आल्यावर मी आधी आईवर संशय घेतला. हे लिहायला मला लाज वाटते, पण घेतला. भाजी मी वजन करून वाढतो, पण मी कामावर असताना ताटातलं कुठे जातं? बायका सगळ्यांच्या मागून जेवतात. ताट भरलेलं मी लिहिलं होतं. रिकामं झालेलं ताट मी एकदाही पाहिलं नव्हतं. बारा वर्षं दोन्ही वजनं करणाऱ्या माणसाने घरी एकच वजन केलं होतं.

"आये, तू हिला पोटभर वाढतेस ना?"

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजी? मी काय वैरीन हाय रं तिची?"

"पोर मोठं होईल म्हणालीस."

"म्हनाली. तवा म्हनाली. आन् त्याच राती गूळ कुटून ठिवला तो कोनी? तूच लिवलायस वहीत, बग. का ते बी वजनात कमी भरलं?"

पत्नी मध्ये पडली. "अवो, त्यांना नका बोलू. सगलं खाते मी. भूकच लागत नाय, तरी खाते. अर्दं पोरीच्या ताटात जातं कदी."

"अर्धं?"

"कदी."

मी वहीच्या शेरा रकान्यात 'अर्धं (कधी)' असं लिहिलं. किती आणि कोणत्या दिवशी, ते तिला सांगता येईना.

त्याच आठवड्यात मोठ्या मुलीने पाटीवरची पेन्सिल मागितली. शाळा सुरू होताना मी तिला एक डझनाचा डबा दिला होता. जुलैच्या सुरुवातीला दुसरा. आता तिसरा मागत होती.

"चोवीस पेन्सिली गेल्या कुठे?"

"लिहिलं."

"काय लिहिलंस एवढं?"

"पाढे."

"दुसरीतली पोर पाच आठवड्यांत चोवीस पेन्सिलींचे पाढे लिहिते?"

"हरवल्या पण."

"किती हरवल्या आणि किती लिहिल्या?"

ती रडायला लागली. पाटीचं हेच वाईट, लिहिलेलं पुसलं जातं, मागे हिशेब राहत नाही. मी तिला खोटारडी म्हणालो. तिच्या दप्तरात बोटभर एक तुकडा होता, तो काढून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, हा महिनाअखेरपर्यंत पुरवायचा. मी असं बोलत असताना पत्नी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मुलगी मात्र रडतारडता तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, आई सोडवील म्हणून बघते आहे.

तारीख २६ जुलै, सोमवार, म्हणजे आमच्या कारखान्याची सुट्टी. दुपारी मी ओटीवर वही घेऊन बसलो होतो. एकूण बेरीज मारून कुठे काय कमी पडतं ते बघत होतो. आई शेजारी गेली होती. शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलगी धावत घरी आली, माझ्याकडे न बघता मागच्या पडवीत गेली. शाळा जवळच होती, पाणी प्यायला आली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग मला आवाज आला. कुट्. थोडं थांबून पुन्हा, कुट्.

मी उठून मागे गेलो. पडवीच्या दारात मुलगी आमच्याकडे पाठ करून राखण केल्यासारखी उभी होती. आत पत्नी जात्याजवळ बसलेली. हातात पाटीवरची पेन्सिल. ती दाताने तिचा तुकडा मोडत होती आणि डोळे मिटून चावत होती. ओठ पांढरे झाले होते. मला त्या क्षणी चार वर्षांपूर्वीचे ओठ आठवले, आणि हे पांढरं निराळं, ती पेन्सिलीची पूड आहे, हे कळायला थोडा वेळ लागला.

मुलगी किंचाळली, "बाबा, मी मैत्रिणीची आणली. चोरली नाही. मागून आणली!"

मी पत्नीला पहिला प्रश्न जो विचारला तो असा: "किती?"

तिने डोळे उघडले. तोंडातलं गिळलं. मग म्हणाली, "मोजल्या नाय. मोजायचं काम तुमचं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या म्हैन्यापासून. आदी भिंतीचे पोपडे. मग हे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुमी लिवून ठेवलं असतं. आन् डॉक्टरीणबाईंफुडं वही ठेवली असती, ह्ये बघा माझी बायको माती खाते म्हनून." तिचा आवाज चढला होता. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, इतक्या मोठ्याने ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "डोहाळे म्हनाली असती तर म्हनाला असता, कशावरून? काय सांगू, कशावरून? जीव जातो त्याच्यासाठी. पावसात भिंत भिजली का वास येतो, तर तोंडाला पानी सुटतं. जेवन म्होरं आलं का मलमलतं."

एवढ्यात आई आली. तिने पेन्सिल पाहिली, मला पाहिलं, आणि सगळं तिला आधीच ठाऊक होतं हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"तुला माहीत होतं?"

"डोहाळे हायेत रं तिचे. पुरवायचे नसतात का? तुझ्या येली मी चुलीची माती खाल्ली. झाला ना तू धडधाकट? थोडा मातीचा झालास, येवढंच."

धम्म घेतल्यावर आम्ही देव सोडले, नवस सोडले. पण गरोदर बाईचा जीव ज्यावर जातो ते तिला द्यावं, हे कोणी सोडलं नव्हतं, आणि सोडायचं कारणही नव्हतं. आईने मायेने केलं होतं. मुलीने मायेने केलं होतं, आणि वर माझ्याकडून खोटारडी म्हणवून घेतलं होतं. घरात तीन बायका एका गोष्टीवर एक झाल्या होत्या, कशाविरुद्ध, तर माझ्या वहीविरुद्ध.

मी रागावलो. तिच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली. मग ती कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून खिशात टाकली. मुलीला म्हणालो, "शाळेत जा, घंटा होईल." एवढंच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी एकटाच कर्जतला गेलो आणि ती पेन्सिल डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं त्या हसतील किंवा चिडतील. त्यांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं. माझी चूक."

"म्हणजे हे डोहाळेच?"

"नाव काही द्या. अंगात रक्त कमी झालं की काही बायकांना माती, राख, खडू, पेन्सिल असलं खावंसं वाटतं. आणि ते पोटात गेलं की भूक मरते, गोळीही नीट लागत नाही. रक्त कमी म्हणून माती, माती म्हणून रक्त कमी. असं चक्र आहे. तिच्यावर रागावू नका. खोड नाही ती, दुखणं आहे."

मी विचारलं, "सुटेल का?"

"रक्त वाढू लागलं की आपोआप वासना जाते. पण आधी तिने थोडे दिवस कळ काढायला हवी. ते तुम्ही पहारा ठेवून होणार नाही." मग माझ्या काखेतल्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही घरी ठेवून आलात तरी चालेल पुढच्या वेळी."

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी 'माझी चूक' म्हटलं, तेही सांगितलं. पत्नी ऐकत होती. मग म्हणाली, "सोडते. पन वही बंद करा. तुमी बघताय असं वाटलं का अजून खावंसं वाटतं."

"मग मला कळणार कसं?"

"नाय कळनार. बोटाला सुई टोचतील तवाच कळंल. मला बी तवाच."

ही अट माझ्यासाठी किती जड होती ते दुसऱ्या कोणाला पटणार नाही. कामावर मी दिवसभर वजनं लिहीत होतो आणि घरी ज्या एका वजनावर सगळं अवलंबून होतं ते डोळे झाकून सोडून दिलं होतं. वही आणि तागडी मी शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवली, जवळ असती तर हात गेला असता. जेवायला मात्र एक बदल केला. तो मी सुचवला, आईने कुरकुरत मानला: पत्नीने आमच्या मागून नाही, आमच्याबरोबर बसायचं. ताटाकडे मी बघणार नाही असं कबूल केलं होतं. बघत होतो, पण लिहीत नव्हतो.

पहिले आठ दिवस वाईट गेले. ती चिडचिडी झाली. एकदा पाऊस लागून भिंतीला ओल आली तर उठून परसात निघून गेली आणि शेवग्याखाली उभी राहिली, भिजत. आई तिच्या मागे घोंगडी घेऊन गेली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. आल्यावर आईने तिच्या हातात भाजलेले शेंगदाणे आणि गूळ दिला आणि म्हणाली, "चाव. कुट् वाजतं त्ये बी."

तारीख १६ ऑगस्ट. या वेळी मी खांद्यामागे उभा राहिलो नाही. बाकावर बसलो. मला फक्त काचेच्या काडीने ढवळल्याचा आवाज येत होता. मागच्या वेळेपेक्षा जास्त वेळ चाललं आहे की मला तसं वाटतं आहे, ते ठरवता येईना.

"सात पॉइंट सात."

पत्नीने माझ्याकडे पाहिलं. मी मनात वजाबाकी केली. एक पूर्णांक एक वर. पण नऊला अजून एक पूर्णांक तीन कमी, आणि पुढच्या तपासणीला पाच आठवडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिशा बरोबर आहे. मुंबईचं पत्र तयार ठेवते, पण तारीख घालत नाही." ते पत्र पाच आठवडे त्यांच्या खणात होतं आणि पाच आठवडे माझ्या डोक्यात. मी गुपचूप कामावरच्या दोघांना विचारून ठेवलं, वेळ आली तर रक्त द्याल का. एक म्हणाला देईन. दुसरा म्हणाला बायकोला विचारून सांगतो, आणि नंतर माझ्या समोर यायचा बंद झाला.

तारीख २० सप्टेंबर. थेंब, ढवळणं, खिडकी. तपासणाऱ्यांनी नळी दुसऱ्यांदा उजेडात धरली, मग मला हाक मारली. "या, तुम्हीच बघा. नंतर म्हणाल, डोळ्याने ठरवलं."

मी वाकून पाहिलं. पाणी नऊच्या रेघेच्या वर होतं, जेमतेम एक बारीक घर.

"किती वाचता?" त्यांनी विचारलं.

"नऊ पूर्णांक एक."

"मीही तेच वाचतो. लिहू?"

"लिहा."

डॉक्टरीणबाईंनी खणातून ते पत्र काढून फाडलं.

कळा २४ ऑक्टोबरला दिवस उजाडल्यावर सुरू झाल्या. टेंपो आदल्या रात्रीपासून सांगून ठेवला होता. कर्जतला पोहोचलो आणि दीड तासात मुलगी झाली, अडीच किलो. ते वजन मला सांगितलं, मी केलं नाही. मग आतून माणसं ये-जा करू लागली आणि दार लावलं गेलं. हिचं रक्त पुन्हा जात होतं. आई बाकावर माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं होतं आणि मी तिला सोडवत नव्हतो. आत किती जातंय, नऊ पूर्णांक एकमधून किती वजा होतंय, हे गणित कोणी मला सांगणार नव्हतं. अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हात पुसत.

"थांबलं. बरंच गेलं. पण तिने सोसलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सहा पूर्णांक सहावर नसतं सोसलं."

मी आत गेलो. ओठ पांढरे होते. पण डोळे उघडे होते, आणि तिने मला विचारलं, "पोरीचं किती भरलं?"

"अडीच किलो."

"लिवलं का?"

"नाही."

"मग लिवा की आता."

चार दिवसांनी घरी आणलं. आता लिहितो ते त्या वेळचं शेवटचं देणं. डॉक्टरीणबाईंना बाळंतपणाचे पंच्याहत्तर रुपये. तपासणाऱ्या गृहस्थांना चार खेपांचे आठ आणि माझ्या बोटाचे दोन, ते आधीच दिले होते. आणि मोठ्या मुलीला पाटीवरच्या पेन्सिलींचा एक डबा, शिवाय तिने जिच्याकडून मागून आणली होती त्या मैत्रिणीला एक पेन्सिल. खोटारडी म्हणालो ते चुकलं, हेही मी तिला तोंडाने सांगितलं, आई आणि पत्नीसमोर.

तिने डबा उघडून पत्नीच्या नाकाजवळ नेला. "आई, पाहिजे?"

पत्नी तोंड फिरवून हसली. "नको बाई. वासबी नको."

तेव्हा मुलीने सगळ्या पेन्सिली पाटीवर ओतल्या आणि माझ्यासमोर मोजून घेतल्या. बारा होत्या.